गीझर बाथरूमबाहेर काढा

बाथरूमच्या आत गॅस गीझर बसवायला कायद्याने बंदी हवी, असं माझं मत आहे. ‘खिडकी उघडी ठेवा’, ‘आंघोळ लवकर आटपा’, ‘आतून कडी लावू नका’ या सूचना दर हिवाळ्यात छापून येतात आणि त्यांत चूक काहीच नाही. पण त्या सगळ्या आंघोळ करणाऱ्या माणसाला उद्देशून असतात. गीझर विकणारा, तो भिंतीला ठोकणारा, गॅस पुरवणारा, बाथरूमचा नकाशा मंजूर करणारा, घर भाड्याने देणारा, यांच्यापैकी कोणालाही त्या काही सांगत नाहीत. अर्धवट जळलेल्या गॅसमधून निघणाऱ्या ज्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, त्याच्यावर डोक्याला शिकेकाई लावून बसलेल्या माणसाने लक्ष ठेवावं, अशी आपली सुरक्षाव्यवस्था आहे.

बातमी कशी येते तेही बघा. दार बराच वेळ उघडलं नाही, हाका मारल्या, दार तोडलं, आत बेशुद्धावस्थेत सापडले, डॉक्टरांनी मृत घोषित केलं. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीतली एक शाळकरी मुलगी अशीच गेली. त्याच महिन्यात नेपाळमधल्या दामनला हॉटेलच्या एका खोलीत केरळचे आठ पर्यटक गॅस हीटर लावून झोपले आणि उठले नाहीत. त्यांत चार मुलं होती. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कुठल्याही शहराचं नाव घातलं तरी बातमीचा साचा बदलत नाही. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, शवविच्छेदन होतं, घरच्यांचे जबाब होतात. गीझर कोणी बसवला, कुठे बसवला, धूर बाहेर नेणारी नळी होती का, हे प्रश्न बातमीत क्वचितच दिसतात. मथळ्यात मात्र ‘अदृश्य मारेकरी’ ठरलेला. मला तो शब्दप्रयोगच खटकतो. वायू अदृश्य आहे हे खरं. पण तो ज्या पेटीतून निघतो ती पेटी, तिचं बिल आणि ती ठोकणारा मिस्त्री चांगले दिसणारे आहेत.

थोडा हिशेब मांडू, कारण या विषयात हिशेबच सगळं सांगतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण ताकदीने चालवला तर तासाला किलोभर गॅस खातो, म्हणजे शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट. दहा मिनिटांच्या आंघोळीसाठी त्याला जवळजवळ दोन घनमीटर हवा हवी. आता बाथरूम मोजा. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेला १.८ चौरस मीटरचं बाथरूम चालतं आणि उंची २.१ मीटर असली तरी पुरते. गुणाकार केला तर आत हवा येते पावणेचार घनमीटर. त्यातून बादल्या, पिंप, वॉशिंग मशीन आणि माणूस यांची जागा वजा करा. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या बाथरूमचं दार-खिडकी बंद असेल तर दहा मिनिटांत गीझर निम्म्याहून जास्त हवा मागतो. उरलेल्या हवेवर आत उभा असलेला माणूस.

ज्योत तेवढी थांबत नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १८-१९ टक्क्यांवर आला की जळणं अर्धवट होऊ लागतं. गॅसमधल्या कार्बनला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले तर कार्बन डायऑक्साइड होतो, एकच मिळाला तर मोनॉक्साइड. शिवाय गीझरने सोडलेली वाफ आणि वापरलेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर तीच पुन्हा बर्नरमध्ये शिरते आणि प्रकरण आणखी बिघडतं. यात गळती कुठेच नाही, हे लक्षात घ्या. गीझर नवा असेल, नळी आयएसआय मार्कची असेल, रेग्युलेटर घट्ट बसलेला असेल, तरीही हे घडतं. गॅस गळला तर आपल्याला कळतं, कारण कंपन्या त्यात मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. ज्योतीत ते रसायनही जळून जातं. त्यामुळे ‘आमच्याकडे गॅसचा वास कधी येत नाही’ या वाक्याला गीझरच्या बाबतीत काही किंमत नाही.

‘आम्ही पंधरा वर्षं वापरतोय, काही झालं नाही,’ हे वाक्य तर प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. ते खोटं नसतं. काही झालं नाही, त्याचं कारण बहुधा बादली. वीस लिटरची बादली तीन-चार मिनिटांत भरते, नळ बंद होतो, गीझर विझतो, मग माणूस दार लावून निवांत आंघोळ करतो. शॉवर आला आणि गीझर माणसाच्या डोक्याशी सतत पेटता राहू लागला. जुन्या जाळीच्या झरोक्याच्या जागी काचेची सरकती खिडकी आली. थंडीत ती बंदच असते. दाराच्या खालची फट रबराची पट्टी लावून बुजवली, कारण पाणी हॉलमध्ये येतं. गीझर तोच राहिला, खोली बदलली. दिवाळीच्या पहाटे घरात पाच माणसं असतील तर अभ्यंगस्नानं एकामागून एक होतात, मधे दार उघडतं ते मिनिटभर. पहिल्याला काही होत नाही. चौथ्याला गरगरतं, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, उपाशीपोटी कढत पाणी घेतलंस म्हणून.

जुन्या घरांत बंब होता, त्याचं काय, असं कोणी विचारेल. बंबात लाकडं आणि कोळसे जळायचे आणि त्यातून मोनॉक्साइडही निघायचा. पण बंब परसात, पडवीत नाहीतर कौलारू न्हाणीघरात असायचा. कौलांच्या फटींतून हवा खेळायची, आणि पाणी बादलीने काढून घ्यावं लागायचं. त्या काळाची थोरवी गाण्यासाठी हे सांगत नाही. चुलीच्या धुराने तेव्हाच्या बायकांची फुप्फुसं कायमची खराब झाली. मुद्दा एवढाच, की जाळ आणि माणूस एका बंद पेटीत कोंडायची सोय तेव्हा नव्हती.

आता शरीरात काय होतं ते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा मोनॉक्साइडची ओढ दोनशे ते अडीचशे पट जास्त असते. एकदा तो चिकटला की साध्या हवेत श्वास घेऊन निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात; शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. घुसमट होत नाही, खोकला येत नाही, त्यामुळे पळावंसं वाटत नाही. पळावंसं वाटेल तोवर कडी काढायला हात उचलत नाही. मरणाऱ्याने दार का उघडलं नाही, असा प्रश्न नंतर भेटायला आलेले लोक हमखास विचारतात, म्हणून हे सांगतो.

बरेच जण मरत नाहीत, आणि ती गोष्ट वेगळी काळजीची आहे. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेल्या माणसाचं निदान अशक्तपणा, ॲसिडिटी, बीपी, मायग्रेन असं काहीही होऊ शकतं. झटका आला तर अपस्माराच्या गोळ्या सुरू होतात. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांवर वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिले आहेत. ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच त्याला पडलं आहे. झटके फक्त आंघोळीच्या वेळी येतात हे कोणीतरी विचारलं तर उलगडा होतो, नाहीतर गोळ्या चालू राहतात. त्यात भर म्हणून कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर. बोटाला लावायचं ते यंत्र मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनवालं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. माणसाचा जीव जात असताना ते ९८ दाखवेल. घरचे म्हणतील, ऑक्सिजन तर छान आहे, लिंबूसरबत द्या. खरा आकडा कळायला रक्ताची कार्बॉक्सिहिमोग्लोबिन तपासणी लागते आणि ती डॉक्टर तेव्हाच सांगतात, जेव्हा आपण त्यांना सांगतो की बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता. दवाखान्यात पोचल्यावर तोंडातून निघालेलं पहिलं वाक्य हेच असावं.

असं कोणी आत पडलेलं सापडलं तर आधी दार-खिडक्या उघडायच्या, गॅस बंद करायचा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणायचं आणि १०८ ला फोन करायचा. आत उभं राहून तोंडावर पाणी मारत बसू नये. वाचवायला गेलेलाही त्याच हवेत असतो. शुद्धीवर आला, बोलायला लागला, चहा प्याला म्हणून दवाखाना टाळू नये. विस्मरण, चालीत बदल, चिडचिड असे मेंदूचे परिणाम काही जणांत दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसतात.

माझा आग्रह माणसाच्या सावधपणावर न राहता जागेवर का आहे, यासाठी जपानचं एक प्रकरण सांगण्यासारखं आहे. २००६ साली तिथल्या सरकारने पालोमा या कंपनीच्या पाणी तापवणाऱ्या गॅस हीटरमुळे झालेले अपघात जाहीर केले. १९८५ पासूनच्या वीस वर्षांत २१ माणसं मोनॉक्साइडने मेली होती. हीटरमध्ये सुरक्षेची सोय होती. धूर बाहेर टाकणारा पंखा चालत नसेल तर गॅस बंद व्हावा, अशी ती रचना. पण हीटर सारखा बंद पडतो अशी तक्रार आली की दुरुस्ती करणारे वायर फिरवून ती सोयच टाळून टाकायचे. हीटर चालू व्हायचा, ग्राहक खूश. २०१० मध्ये टोकियोच्या न्यायालयाने कंपनीच्या माजी अध्यक्षांना दोषी ठरवलं. तंत्रज्ञाने केलेली खटपट कंपनीला ठाऊक होती आणि तिने लोकांना वेळीच सावध केलं नाही, हा ठपका होता.

आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत याला ‘डायरेक्ट करून देणे’ म्हणतात. सेन्सर खराब झालाय, नवा मिळत नाही, डायरेक्ट करून देतो, वापरा बिनधास्त. गीझर ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होतो ही कटकट वाटते, मग नळ बंद करून पुन्हा उघडला की मोजणी नव्याने सुरू. यंत्रातली प्रत्येक सुरक्षा माणूस कंटाळून मोडतो. जपानसारख्या शिस्तीच्या देशातही मोडली. भिंतीपलीकडे ठेवलेला गीझर मात्र कंटाळा आला म्हणून कोणी आत आणत नाही. बाहेर जागा असेल तर पाइप आत घ्यायचा, एवढंच काम आहे. ड्राय बाल्कनीत, खरोखर उघड्या असलेल्या गच्चीच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीवर छपराखाली गीझर बसवला तर गरम पाणी तेच मिळतं. ड्राय बाल्कनीला काच लावून ती खोली केली असेल तर तिचं बाथरूम झालं, हेही सांगून टाकतो. आणि धुराची नळी डक्टमध्ये सोडली म्हणजे काम झालं असंही नाही. त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. एक्झॉस्ट फॅनचीही गंमत आहे. खिडकी बंद ठेवून पंखा लावला तर तो आतली हवा ओढतो आणि त्या जागी हवा यायला दुसरी वाट नसल्याने गीझरच्या नळीतला धूरच उलटा आत खेचला जाऊ शकतो.

या मताला दोन आक्षेप येतात, आणि दुसरा मला खरोखर जड जातो.

पहिला, सरकारने लोकांच्या बाथरूममध्ये डोकावू नये. डोकावतंच. महाराष्ट्रात लिफ्टची दरवर्षी तपासणी होते. २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्याने उंच इमारतींना दर जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरावा लागतो. भाडेकरार नोंदवावा लागतो, भाडेकरूची पोलीस पडताळणी होते. जिन्यातला हायड्रंट चालतो की नाही हे वर्षातून दोनदा कागदावर येतं आणि त्याच मजल्यावर बंद खोलीत पेटणाऱ्या बाराएक किलोवॉटच्या जाळाबद्दल कागदावर शब्द नसतो. बाहेरच्या हवेसाठी आपल्याकडे २००९ ची राष्ट्रीय मानकं आहेत. मोनॉक्साइड तासाच्या सरासरीत घनमीटरला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं त्यांत लिहिलं आहे. चौकातली हवा मोजणारी यंत्रं आहेत. चौकातून घरी येऊन माणूस ज्या बाथरूममध्ये शिरतो, तिथे हे मानक दाराबाहेरच थांबतं.

दुसरा आक्षेप पैशांचा. चाळीत, जुन्या वाड्यात, वाढीव वस्तीत वीजजोडणीचा भार कमी असतो, वायरिंग जुनं असतं, तीन किलोवॉटचा विजेचा गीझर लावला की फ्यूज उडतो. बाहेर मोकळी जागा नसते. वीजबिल परवडत नाही आणि गॅस त्या मानाने स्वस्त पडतो. तिथे बंदी घातली तर लोक काय करतील? काही जण चोरून लावतील, काही जण बादलीत हीटरची कांडी टाकतील आणि शॉक लागून मरतील. हे मला मान्य आहे. म्हणून बंदीची सुरुवात तिथून करू नये, असंच मी म्हणेन. सुरुवात नव्या इमारतींपासून, विक्रीपासून आणि भाड्याच्या घरांपासून करावी. चाळीतल्या घरात स्वयंपाकाच्या गॅसवर पातेलं तापवून बादली भरणं हा मार्ग आजही बऱ्यापैकी सुरक्षित आहे, फक्त स्वयंपाकघराची खिडकी उघडी हवी. पिंपरीत किंवा कोथरूडमध्ये सहा विद्यार्थ्यांचं पीजी चालवणाऱ्या मालकाला मात्र हा युक्तिवाद वापरू देऊ नये. त्याच्याकडे बाल्कनीही असते, वीजजोडणीही असते. तो गॅस गीझर बाथरूममध्ये लावतो, कारण वीजबिल त्याला भरायचं असतं आणि पाइप लांब न्यायचे पैसे वाचतात.

ब्रिटनमध्ये हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. तिथल्या १९९८ च्या नियमांप्रमाणे बाथरूममध्ये नवं गॅस उपकरण बसवायचं तर ते पूर्ण बंद पेटीचं लागतं, म्हणजे जळायला लागणारी हवा बाहेरून घेणारं आणि धूर बाहेरच सोडणारं. खोलीतल्या हवेवर जळणारं चालत नाही. घरमालकाला भाड्याच्या घरातली गॅस उपकरणं दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी लागतात आणि तो दाखला भाडेकरूला द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये २०२२ पासून, स्वयंपाकाची शेगडी सोडून इतर कुठलंही जळणारं उपकरण पक्कं बसवलेल्या भाड्याच्या खोलीत मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. लंडनला किंवा लेस्टरला राहणाऱ्या आपल्या मुलांना हे माहीत असतं, कारण घराच्या किल्ल्यांबरोबर तो दाखला त्यांच्या हातात पडलेला असतो. डिसेंबरात ती पुण्याला आई-वडिलांकडे येतात आणि त्याच दिवशी बाथरूमला आतून कडी लावून गॅस गीझरखाली उभी राहतात. येताना चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या आणतात, त्यांत एक अलार्म आणला तर बॅग फार जड होणार नाही.

अलार्मबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. दुकानात ‘गॅस डिटेक्टर’ मागितला की बहुतेक वेळा एलपीजी गळती ओळखणारं यंत्र मिळतं. त्याला मोनॉक्साइड कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून ते यंत्र जमिनीजवळ लावतात. मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका आणि हवेत मिसळून जाणारा. पाकिटावर कार्बन मोनॉक्साइड असं स्पष्ट लिहिलेलं आणि ‘ईएन ५०२९१’ या युरोपीय मानकाचं यंत्र बघून घ्यावं. त्या मानकाप्रमाणे हवेत दशलक्ष भागांत ५० भाग मोनॉक्साइड असेल तर ते तास-दीड तासात वाजतं, ३०० भाग असेल तर तीन मिनिटांच्या आत. बाथरूमच्या आत ते लावू नये, वाफेने खराब होतं. दाराबाहेर, झोपायच्या खोलीजवळ लावावं. आतल्या सेन्सरचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं असतं, तारीख मागे छापलेली असते. अर्थात अलार्म म्हणजे गीझर आत ठेवायची परवानगी नव्हे.

गीझरवर इतकं लिहिलं म्हणून बाकीचं घर निर्दोष ठरत नाही. महाराष्ट्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाळंतिणीच्या खोलीची. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी, दारं-खिडक्या लावलेल्या, कानाला फडकं बांधलेलं, वारं लागू नये म्हणून. शेक देण्यामागची माया कोणी नाकारत नाही. पण शेगडी आत आणतात ती कोळसा चांगला फुलल्यावर, धूर थांबल्यावर, आणि इथेच फसगत होते. धूर दिसत नाही तेव्हा निखारा सुरक्षित झाला असं आपल्याला वाटतं. लाल फुललेला कोळसा मोनॉक्साइड भरभरून सोडत असतो. त्यातून तान्ह्या बाळाचं शरीर लहान, श्वास भराभर, आणि पोटात असल्यापासूनचं त्याचं हिमोग्लोबिन हा वायू आईच्या रक्तापेक्षाही घट्ट धरून ठेवतं. बाळ डोकं दुखतंय म्हणून सांगू शकत नाही. ते सुस्तावतं, दूध ओढत नाही आणि आजी म्हणते, शेकाने छान झोप लागली. शेक द्यायचाच असेल तर तवा स्वयंपाकघरात तापवून त्यावर धरलेलं फडकं घेऊन यावं, किंवा गरम पाण्याची पिशवी वापरावी. शेगडी अंगणाच्या पलीकडे येता कामा नये. हे सुनेने सांगून कोणी ऐकत नाही. आशाताईंनी आणि प्रसूतिगृहातल्या सिस्टरांनी डिस्चार्ज देतानाच, सासू आणि आई दोघींसमोर, सांगायला हवं. लसीचं कार्ड समजावतात तेवढ्याच ठामपणे.

उत्तरेत हीच शेगडी अंगीठी म्हणून दरवर्षी जीव घेते. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या खेडा कलानमध्ये एका कुटुंबातले चौघे गेले, जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठनमध्ये खोली तापवायच्या उपकरणाने पाच जण. आपल्याकडून हिवाळ्यात काश्मीर-मनालीला जाणाऱ्यांनी हॉटेलवाल्याला ‘रूममध्ये हीटर आहे का’ एवढंच विचारू नये; तो विजेचा आहे की गॅसचा, हे विचारावं, आणि गॅसचा किंवा कोळशाचा असेल तर झोपण्यापूर्वी बाहेर काढायला लावावा. जास्तीच्या रजया मागाव्यात. जनरेटरचंही तेच. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला थांबलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा धूर आत शिरला होता. वीज गेल्यावर दुकानाच्या मागच्या खोलीत नाहीतर जिन्याखाली जनरेटर चालवणाऱ्यांची आपल्याकडेही कमी नाही. आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून एसीत झोपणं याबद्दल वेगळं काही लिहायला नको.

स्वयंपाकाच्या शेगडीने माणूस मरणं विरळा, कारण ती खोली मोठी असते आणि आपण फोडणीसाठी खिडकी उघडतोच. ज्योत पिवळी होऊन भांड्यांची बुडं काळी पडू लागली की बर्नर साफ करून घ्यावा, इतकं पुरे.

मग करायचं काय? घरगुती एलपीजी जोडणीची दर पाच वर्षांनी सक्तीची तपासणी असते. वितरकाचा माणूस येतो, शेगडी बघतो, रबरी नळी बदलायला सांगतो, सही घेऊन जातो. त्याच्या कागदावर दोन रकाने वाढवायचे: घरात गॅस गीझर आहे का, आणि तो कुठे आहे. बाथरूमच्या आत असेल तर तो हलवेपर्यंत गीझरची जोडणी बंद. भारतीय मानक ब्युरोचं एलपीजीवरच्या छोट्या वॉटर हीटरसाठीचं मानक, आयएस १५५५८, २००५ पासून आहे. पण मानक यंत्राची परीक्षा घेतं, भिंतीची नाही. म्हणून बसवणाऱ्याने जागेच्या फोटोसह दाखला दिल्याशिवाय वॉरंटी सुरू होऊ नये. कंपन्यांना हे एका परिपत्रकाने करता येईल. महापालिकांनी भोगवटा प्रमाणपत्र देताना गरम पाण्याची सोय कुठे केली आहे ते बिल्डरला नकाशावर दाखवायला लावावं, म्हणजे बाल्कनीतून बाथरूमपर्यंतचा पाइप आधीच टाकलेला असेल आणि ‘आता कोण फोडाफोडी करणार’ हा प्रश्न उरणार नाही. भाडेकरार नोंदवताना मालकाने एक ओळीचं प्रतिज्ञापत्र द्यावं. ओळ खोटी निघाली आणि कोणी दगावलं तर नोंद अकस्मात मृत्यूची होऊ नये, निष्काळजीपणाने मृत्यूला कारण ठरल्याचा गुन्हा दाखल व्हावा.

हे सगळं सरकारने करीपर्यंत वाट बघायची गरज नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात, म्हणजे थंडीच्या बरोबर आधी. पार्किंग आणि पाणीगळतीच्या भांडणांतून वेळ काढून एक ठराव मांडता येईल: बाथरूममधले गॅस गीझर दिवाळीपूर्वी बाहेर हलवावेत, संस्थेने एकच चांगला प्लंबर ठरवून सर्वांना एकाच दरात काम करून द्यावं, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा खर्च दुरुस्ती निधीतून करावा. सेक्रेटरी म्हणतील, सभासदाच्या खासगी फ्लॅटमध्ये संस्थेला काय अधिकार? त्यांना विचारावं, फ्लॅटमध्ये टाइल्स बदलायच्या असल्या की एनओसी आणि अनामत रक्कम कोणत्या अधिकारात घेता.